मॉडेल रेल्वे प्रदर्शन: बघायला जाणाऱ्यांचे आणि लेआउट मांडणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इंग्लंडात मुलाकडे-मुलीकडे आलेले आईवडील, नातवंडांना घेऊन रविवारी कुठं जावं या विचारात पडलेली मंडळी आणि गॅरेजात रूळ मांडून बसलेले मराठी हौशी, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं ब्रिटनमधल्या प्रदर्शनांना धरून आहेत. आधी बघायला जाणाऱ्यांचे प्रश्न, मग स्वतःचा लेआउट घेऊन जाणाऱ्यांचे. महाराष्ट्राबद्दलचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

तिथं नेमकं असतं तरी काय?

एक मोठा हॉल. त्यात दहा-बारापासून मोठ्या प्रदर्शनात कित्येक डझन लेआउट. प्रत्येक लेआउट म्हणजे एखादं स्टेशन, बंदर, कोळशाची खाण नाहीतर शहराचा एखादा कोपरा, त्यातून धावणाऱ्या छोट्या गाड्या आणि मागं उभी असलेली, कधी हसरी तर कधी घामाघूम झालेली माणसं. हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी व्हॅनमधून येतं आणि रविवारी रात्री परत जातं. हॅम्बुर्गचं मिनिअ‍ॅटुर वुंडरलँड २००१ पासून एका जागी कायमचं उभं आहे, तिथं हजारो लोक रोज जातात. पण तो वेगळा प्रकार. प्रदर्शनात बनवणारा माणूस समोर उभा असतो आणि त्याला काहीही विचारता येतं.

लेआउटच्या मधोमध दुकानं असतात, जुन्या वस्तूंची टेबलं असतात, वेगवेगळ्या रेल्वेप्रेमी संस्थांचे स्टॉल असतात. आणि लोक ज्यांच्याकडे फारसं बघत नाहीत अशी प्रात्यक्षिकाची टेबलं असतात. एकजण मालगाडीच्या वाघिणीवर गंज रंगवतोय, दुसरी बाई तारेच्या पिळातून झाड करतेय, तिसरा सांध्याला डाग देतोय. समोर रिकामी खुर्ची असते, तिच्यावर बसायची परवानगी असते. माझं मत विचाराल तर नवख्या माणसानं निम्मा वेळ या टेबलांवर घालवावा. लेआउट बघून हौस निर्माण होते, पण हात कसा चालवायचा ते इथंच कळतं.

कुठं आणि कधी भरतात?

सप्टेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे बाहेर पाऊस-थंडी असते तेव्हा, जवळजवळ दर शनिवार-रविवारी कुठं ना कुठं प्रदर्शन असतंच. फेब्रुवारीत ग्लासगोला मॉडेल रेल स्कॉटलंड, मार्चच्या सुमारास लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, ईस्टरला यॉर्कच्या रेसकोर्सवर. बर्मिंगहॅमच्या एनइसी या प्रदर्शन केंद्रातलं वॉर्ली क्लबचं नोव्हेंबरमधलं प्रदर्शन अनेक वर्षं या छंदाची पंढरी मानलं गेलं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते शेवटचं भरलं. क्लबच्या सभासदांनी नोकऱ्या सांभाळून इतका मोठा डोलारा उभा करायचा, याला कुठंतरी मर्यादा असते.

मोठ्या प्रदर्शनांची नावं सगळे विचारतात, पण पहिल्यांदा जात असाल तर जवळच्या गावातलं, चर्चच्या हॉलमधलं किंवा शाळेच्या व्यायामशाळेतलं निवडा. पंधरा लेआउट निवांत बघून होतात, गर्दीत चेंगरायला होत नाही आणि चहा स्वस्तात मिळतो.

तिकीट किती? आधी काढायचं का?

गावच्या प्रदर्शनाला साधारण पाच ते आठ पौंड, दारातच. मोठ्याला पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त, ते आधी काढलेलं बरं. छोट्या ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही, खिशात थोडी रोकड ठेवा. लहान मुलांना बऱ्याचदा मोठ्या माणसाबरोबर फुकट सोडतात.

किती वाजता जावं?

शनिवारी दहाला दार उघडतं तेव्हा रांगेत सगळे जुन्या मालाच्या टेबलाकडे धावणारे असतात. तुम्हाला खरेदी नको असेल तर साडेबारानंतर जा. रविवारी दुपारी दोननंतर गर्दी ओसरते, लेआउटवाले दोन दिवसांच्या सरावानं सैलावलेले असतात आणि मनमोकळं बोलतात. मात्र चार वाजता काहीजण डोळा चुकवून सामान आवरायला लागतात.

पाच वर्षांच्या मुलाला काही दिसेल का?

हा प्रश्न रास्त आहे. बरेच लेआउट मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असतात, कारण तिथून गाडी खऱ्यासारखी दिसते. मुलाला समोर फक्त लाकडी फळी दिसते. चांगले आयोजक पायऱ्यांचे ठोकळे ठेवतात, काही क्लब मुद्दाम कमी उंचीचे लेआउट मागवतात. घरून घडीचं छोटं स्टूल न्यायला हरकत नाही, फक्त ते वाटेत पसरून ठेवू नका. मुलांसाठी 'ही गाडी तू चालव' असा एखादा लेआउट जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात असतो. आधी तिथं न्या. हात लावायची हौस एकदा तिथं भागली की बाकीच्या ठिकाणी हात लावू नको म्हटलेलं मुलं ऐकतात.

बघतानाचे काही रीतिरिवाज आहेत का?

लिहिलेले नाहीत, पण आहेत. पाठीवरची सॅक काढून हातात धरा. माणूस वळतो आणि सॅक सिग्नल पाडते, हे प्रदर्शनातलं सगळ्यात नेहमीचं नुकसान. कठड्यावर कोपर टेकून वाकू नका, कठडा बहुधा लेआउटलाच टेकलेला असतो. पाच मिनिटं बघून झालं की मागच्याला जागा द्या. चहाचा कप हातात घेऊन लेआउटजवळ जाणाऱ्याकडे इथली सभ्य माणसंसुद्धा फार असभ्य नजरेनं बघतात.

फोटो काढायला सहसा कुणाची ना नसते. फ्लॅश टाळा. सेल्फीची काठी लेआउटच्या आत घालू नका.

ओओ, एन, एचओ ही काय भानगड आहे? हे कळल्याशिवाय मजा येईल का?

मजा येईलच. पण थोडं समजून घेतलं तर गप्पांत भाग घेता येतो. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्शाची प्रतिकृती. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते ओओ: स्केल १:७६, रुळांत १६.५ मिलिमीटर. युरोपात आणि अमेरिकेत एचओ: १:८७, आणि रुळांत तेच १६.५. रूळ सारखे आणि गाड्या वेगळ्या मापाच्या, हे कसं? इंग्रजी इंजिनं अंगानं लहान. पूर्वीच्या मोटारी १:८७ च्या इंजिनाच्या पोटात मावेनात, म्हणून गाडी थोडी फुगवली आणि रूळ तसेच ठेवले. हिशोबानं ओओचे रूळ १८.८३ मिलिमीटरचे हवेत. ही तफावत काहींना इतकी खुपते की ते स्वतः १८.८३ चे रूळ हातानं बनवतात. अशा माणसापुढे 'दोन-अडीच मिलिमीटरनं काय होतं?' असं विचारू नका. विचारलंत तर बराच वेळ हातात ठेवून विचारा.

एन लहान असतं, रुळांत ९ मिलिमीटर. इथं १:१४८, युरोप-अमेरिकेत १:१६०. ओ मोठं, १:४३.५, रुळांत ३२. जागा कमी असणाऱ्यांसाठी हॉर्नबी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये १:१२० चा नवा प्रकार आणला, त्याचे रूळ १२ मिलिमीटरचे.

आपल्या ब्रॉडगेजचं काय? ती १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ती १९.२६ यायला हवी, पण तयार रूळ १६.५ चेच मिळतात. त्यामुळे भारतीय ब्रॉडगेजची बहुतेक मॉडेल्स समोरून पाहिली की पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी वाटतात. बाजूनं बघितलं की काही कळत नाही.

प्रदर्शनात खरेदी करावी का?

नव्या मालावर इंटरनेटपेक्षा फार स्वस्त काही मिळेल अशी आशा नको. जुना माल मात्र इथंच घ्यावा, कारण तो हातात घेऊन बघता येतो. इंजिन घेताना विक्रेत्याला चाचणीच्या रुळावर चालवून दाखवायला सांगा, दोन्ही दिशांना. चाकांवर काळी वंगणाची पुटं असतील तर घाबरू नका, ती निघतात. पण खालचा लहानसा स्क्रू गायब असेल किंवा जोडणीच्या आकड्याजवळ डिंकाचे डाग असतील तर कुणीतरी आत हात घालून बसलेलं आहे. डिजिटल डिकोडर (कंट्रोलरच्या डिजिटल आज्ञा ओळखणारी छोटी चिप) बसवलेलं इंजिन साध्या १२ व्होल्टच्या कंट्रोलरवर नीट चालेलच असं नाही, ते विचारून घ्या. डब्याचा खोका फाटलेला असेल तर किंमत उतरते, आणि ज्याला गाडी चालवायचीच आहे त्याच्या दृष्टीनं ते फायद्याचंच.

भारतातल्या गाड्या तिथं दिसतात का?

दिसतात. दार्जिलिंगच्या गाडीचे चाहते इथं चिक्कार आहेत, त्यांची स्वतंत्र संस्थाच आहे. पण मराठी माणसाला सांगण्यासारखी गोष्ट बार्शी लाइटची आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी ते बार्शी ही ७६२ मिलिमीटर गेजची लाइन १८९७ मध्ये सुरू केली. एका चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हे त्याचं सूत्र. म्हणजे हलके, स्वस्त रूळ वापरूनही भरपूर माल नेता येईल. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. १९०६ मध्ये ही लाइन पंढरपूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. हाच कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या लाइनचा इंजिनिअर झाला. ती १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली, आणि आज तिच्या वाटेवर लोक सायकली चालवतात. तिची दोन्ही इंजिनं किटसनचीच, बार्शीच्या इंजिनांच्याच वळणाची. इंग्लंडच्या हिरव्यागार दरीत धावणारी ही पिवळसर डब्यांची गाडी इथल्या मॉडेलवाल्यांची फार लाडकी आहे. तिचा लेआउट दिसला की मागच्या माणसाला बार्शीबद्दल विचारा. बहुतेकांना नाव ठाऊक असतं, पण त्या मुलखातून आलेला माणूस समोर उभा राहिलेला त्यांनी पाहिलेला नसतो. मग चहा तेच पाजतात. (कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. एका माणसानं किती उद्योग करावेत!)

आणि आकडे बघा: ७६२ ला ८७ नं भागलं की ८.७६. म्हणजे बार्शीची गाडी १:८७ मध्ये एनच्या ९ मिलिमीटर रुळांवर जवळजवळ अचूक बसते. भारतीय लाइनचं मॉडेल करायचं असेल तर ब्रॉडगेजपेक्षा ही वाट सोपी. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरची. तिच्यासाठी १:७६ आणि ९ मिलिमीटर हा संच बरा पडतो, रूळ एका मिलिमीटरनं रुंद होतात.

माझा लेआउट प्रदर्शनात न्यायचा आहे. बोलावणं कसं येतं?

मागून मिळत नाही, दिसून मिळतं. प्रत्येक क्लबाचा एक प्रदर्शन व्यवस्थापक असतो आणि तो वर्षभर दुसऱ्यांच्या प्रदर्शनांत वही घेऊन फिरत असतो. लेआउट आवडला की तो येऊन कार्ड देतो आणि म्हणतो, दोन वर्षांनी ऑक्टोबरात मोकळे आहात का? होय, दोन वर्षांनी. चांगल्या लेआउटच्या तारखा तेवढ्या आधी ठरतात.

मग पहिलं बोलावणं कसं मिळवायचं? जवळच्या क्लबात सभासद व्हा. क्लबच्या स्वतःच्या छोट्या प्रदर्शनात कोपऱ्यातली जागा सभासदाला मिळते. तिथं दोन दिवस गाडी बिनतक्रार चालली की पुढचं आपोआप होतं. लेआउट अर्धवट असला तरी चालतो, फक्त 'काम चालू आहे' अशी पाटी लावा. अर्धवट लेआउटपुढे लोक जास्त वेळ थांबतात, कारण आतलं लाकूड आणि तारा दिसतात.

पैसे मिळतात का?

मानधन नाही. व्हॅनचं भाडं, पेट्रोल, लांबून येत असाल तर शनिवारच्या रात्रीची राहण्याची सोय आणि दुपारच्या जेवणाची कुपनं, एवढं आयोजक देतात. शनिवारी रात्री सगळ्यांना एकत्र जेवायलाही नेतात. ज्यांना यातून कमवायचं आहे त्यांनी दुकान टाकावं.

अर्जात काय विचारतात?

लेआउटची लांबी-रुंदी, मागं उभं राहायला लागणारी जागा, विजेचे किती पॉइंट हवेत, टेबलं आणि खुर्च्या किती, माणसं किती येणार, व्हॅनचं माप, विम्यासाठी लेआउटची किंमत, आणि कार्यक्रमपत्रिकेसाठी शंभर शब्दांची ओळख. मागची जागा भरताना कंजूषपणा करू नका. दोन माणसं, दोन खुर्च्या, रिकामे खोके, कोट, डबा आणि एक आडवा आलेला पाय, इतकं सगळं तिथं मावायचं असतं. तीन फूट तरी लिहा.

शंभर शब्दांत इतिहासाचा धडा देऊ नका. 'पंढरपूर, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी' असं एक वाक्य लिहिलं की लोक बघायला येतात.

लेआउट बनवताना प्रदर्शनाचा विचार कुठं करावा लागतो?

पहिल्या फळीपासून. घरी कायम राहणारा लेआउट आणि फिरणारा लेआउट यांची हाडं वेगळी असतात. चार फूट बाय दोन फूट हे माप एका माणसाला उचलता येतं, जिन्यातून वळतं आणि मोठ्या हॅचबॅकमध्ये जातं. प्लाय नऊ मिलिमीटरचा पुरे, जाडजूड फर्निचरचं लाकूड घेतलंत तर क्लबचे मित्र एकेक करून पाठदुखीचं कारण सांगायला लागतात. दोन फळ्या जिथं मिळतात तिथं रुळांचा सांधा दरवेळी केसभरही न हलता जुळला पाहिजे, त्यासाठी पितळी खुंट्या-वाट्यांची जोडी बसवतात. बोल्ट फक्त आवळतो, जागेवर आणायचं काम खुंटीचं. फळीच्या टोकाला रूळ पितळी स्क्रूच्या डोक्यांना डाग देऊन पक्के करा, कारण व्हॅनमध्ये चढवताना मार तिथंच बसतो.

पायांना खालून फिरवायचे बोल्ट लावा. जुन्या हॉलच्या जमिनी एका बाजूला उतरत्या असतात आणि मोकळी सोडलेली वाघीण ते लगेच दाखवून देते. रुळांत थोडी फट ठेवा: सकाळी हॉल थंडगार, दुपारी हीटर आणि माणसांनी तापलेला. दिवे स्वतःचे न्या, हॉलचे दिवे कधीच लेआउटवर पडत नाहीत. आणि गाड्या उभ्या करायची पडद्यामागची जागा समोरच्या देखाव्याइतकीच ऐसपैस करा. ती नाटकातली विंग आहे. तिथं गोंधळ झाला की रंगमंच रिकामा राहतो.

रिकामा राहिला तर इतकं काय बिघडतं?

सगळंच. लोक तिकीट काढून आलेले असतात. समोर उभा असलेला माणूस साधारण अर्धा मिनिट वाट बघतो. काही हललं नाही की पुढच्या लेआउटकडे सरकतो. सुंदर कौलं, हातानं कोरलेले दगड, यासाठी तो थांबत नाही. गाडी येईल म्हणून थांबतो आणि ती येईपर्यंत कौलं बघतो. म्हणून कामाला लागण्याआधी एवढं मनात पक्कं करा की देखावा थोडा कमी झाला तरी चालेल, गाडी अडखळता कामा नये. शेवटचे महिने झाडं लावण्यात घालवण्यापेक्षा घरी लेआउट पूर्ण जोडून सलग चालवा, पुन्हा उघडा, पुन्हा जोडा. जी वाघीण घसरते तिची चाकं तपासा, दुसऱ्यांदा घसरली तर ती घरी ठेवा. तिच्यावर कितीही रात्री जागवल्या असल्या तरी घरीच.

रूळ रोज सकाळी आणि दुपारी जेवणाच्या वेळी पुसायचे: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड. इंजिनांची चाकंही. हॉलच्या गालिच्याची धूळ आणि शेकडो लोकांच्या लोकरी कपड्यांचे तंतू चाकांत जाऊन बसतात. सोबत एक जास्तीचं इंजिन, जास्तीचा कंट्रोलर, डागणी, चिमटा आणि तारेचं भेंडोळं. बाकी काही विसरलं तर शेजारचा लेआउटवाला देतो.

गाडी किती वेगानं चालवायची?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्यानं. हिशोब सोपा आहे. नॅरोगेजची गाडी ताशी २४ किलोमीटरनं धरली तर १:८७ मध्ये ती सेकंदाला साडेसात-पावणेआठ सेंटिमीटर जाते. म्हणजे चार फुटांची फळी ओलांडायला सोळा सेकंद. घड्याळ लावून एकदा बघाच. पहिल्यांदा वाटतं गाडी बंद पडली. पण याच चालीत डब्यांचं हलकं डुलणं, रुळांच्या फटींवरचा टकटक आवाज आणि खिडकीतली माणसं दिसतात. ओओमध्ये ताशी ६० मैलांची एक्स्प्रेससुद्धा सेकंदाला ३५ सेंटिमीटरच जाते. हळू चालवण्याचा आणखी एक फायदा: पडद्यामागं पुढची गाडी जुळवायला वेळ मिळतो.

एकट्यानं नेता येईल का?

नेता येईल, पण नेऊ नका. लहान लेआउटलाही तिघं हवेत. एकजण गाडी चालवतो, दुसरा समोरच्यांशी बोलतो, तिसरा चहा पितो, आणि तासा-दीड तासानं जागा बदलायच्या. बोलणारा माणूस कठड्याच्या बाहेर, लोकांच्या बाजूला उभा असेल तर उत्तम. पाठ फिरवून मागं कुजबुजत बसलेले लेआउटवाले हा या छंदाचा जुना रोग आहे. इतकं कौतुकाचं काम करून लोकांकडे बघायचंच नाही, मग आणायचं कशाला?

लोक काय काय विचारतात?

'किती वर्षं लागली?' हे पहिलं. 'माझ्याकडे पोटमाळ्यावर लहानपणीची हॉर्नबी आहे, तिची किंमत किती येईल?' हे दुसरं. तिसऱ्या प्रकारचे गृहस्थ काही विचारत नाहीत, ते तुमच्या इंजिनाला मागचा दिवा चुकीच्या बाजूला असल्याचं सांगून निघून जातात. त्यांचे आभार मानावेत. दहांतले नऊजण बरोबर असतात.

आमच्या पंढरपूरच्या छोट्या लेआउटवर स्टेशनबाहेर एक दिंडी आहे. १:८७ मध्ये माणूस १९ मिलिमीटरचा. तयार मिळणाऱ्या युरोपीय प्रवाशांच्या हॅट कापून, पांढरा रंग देऊन टोप्या केल्या. पताका चहाच्या पिशवीच्या कागदाच्या, भगव्या शाईत बुडवलेल्या. बाईच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन म्हणजे तारेच्या वेष्टनाचा दीड मिलिमीटरचा तुकडा आणि वर हिरव्या स्पंजाचा कण. इंजिनावर महिने घालवले, पण प्रश्न सगळे या बाईबद्दल येतात. डोक्यावर काय आहे? कुठं चालली आहेत ही माणसं? स्टेशन असताना चालत का? मग वारी समजावून सांगावी लागते, आणि तोवर दोन गाड्या चुकतात. आपल्याकडचं काही नेणार असाल तर अशी एखादी दिंडी, बाजार, लग्नाचं वऱ्हाड जरूर ठेवा, आणि इंग्रजीत एक छोटी पाटी करून लावा.

विजेची तपासणी सक्तीची आहे का?

कायदा तपासणी झाल्याची अमुक एक चिकटपट्टी लावा असं म्हणत नाही, उपकरण सुरक्षित ठेवा म्हणतो. पण आयोजक तपासणीची चिकटपट्टी मागतात आणि नसेल तर प्लग लावू देत नाहीत. २३० व्होल्ट फक्त ट्रान्सफॉर्मरपर्यंत यावेत, तोही दुकानातून आणलेला, बंद पेटीतला. लेआउटमध्ये पुढे १२ ते १६ व्होल्टच फिरतात. भारतातून आणलेला ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर लावून जोडायचा विचार सोडून द्या. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते.

विमा आणि रात्रीची राखण?

आयोजकांचा विमा असतो, तुमच्या क्लबाचाही असू शकतो. दोन्हींत नेमकं काय धरलं आहे ते लेखी घ्या. घराच्या विम्यात बाहेर नेलेला लेआउट येतो असं गृहीत धरू नका.

ही कोरडी कागदपत्रं वाटतात, पण मे २०१९ मध्ये स्टॅमफर्डच्या एका शाळेत मार्केट डीपिंग क्लबाचं प्रदर्शन मांडून झालं होतं आणि उघडण्याच्या आदल्या रात्री चार पोरांनी आत शिरून सगळं तुडवलं. कुणाकुणाची आयुष्यभराची मेहनत जमिनीवर चुरा होऊन पडली. पुढे लोकांनी वर्गणी काढली, ती एक लाख पौंडांच्या पुढे गेली; गायक रॉड स्टुअर्टनं त्यात दहा हजार घातले, तो स्वतः पक्का मॉडेलवाला आहे. तेव्हापासून रात्री हॉलमध्ये कोण झोपणार हे विचारायला कुणाला संकोच वाटत नाही. तुम्हीही विचारा. इंजिनं आणि डबे मात्र रात्री खोलीवर न्या.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

क्लबच्या स्वयंपाकघरात सकाळी बेकन रोल, दुपारी जॅकेट पोटॅटो, दिवसभर केक. बटाट्यावर चीज-बीन्स घेतले की भागतं. धपाटे नाहीतर पोळीचा रोल सोबत असला तर उत्तम, फक्त तेलाचा हात रुळांना लावू नका.

पुण्या-मुंबईत असं काही आहे का?

कायमस्वरूपी बघायचं तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून. एचओ स्केल, आणि सूत्रसंचालनासह चालणारे शो. ते एकदा बघितलंत की ब्रिटनमधल्या प्रदर्शनात काय बघायचं याचा डोळा तयार होतो.

ब्रिटनसारखी, लेआउट गाडीत घालून गावोगाव नेण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. पण ती माणसं आपल्याकडे नाहीत असं मात्र म्हणू नका. गणपतीच्या आराशीत बोगदा, घाट आणि धावणारी गाडी करणारी घरं गल्लोगल्ली सापडतात. दहा दिवस, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, रात्री उशिरापर्यंत गाडी चालू ठेवायची आणि पोरांचे हात दूर ठेवायचे, हे कसब ज्यानं कमावलं त्याला प्रदर्शनाचं वेगळं शिक्षण नको. अशा पाच-सहा घरांनी मिळून एखाद्या कार्यालयाचा हॉल दोन दिवसांसाठी घेतला तरी सुरुवात होईल.

आपल्या हवेत लेआउट टिकतो का?

पावसाळ्यात प्लाय फुगतो, म्हणून कडा आणि खालची बाजूसुद्धा वॉर्निशनं बंद करा. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्या. लोखंडी गंजतात, पितळी काळे पडतात. प्रदर्शन दिवाळी ते फेब्रुवारी या काळात ठेवा. वीज जाईल हे गृहीत धरून इन्व्हर्टर सोबत ठेवा, छोट्या लेआउटला साधा घरगुती पुरतो.

रविवारी आवरायला किती वेळ लागतो?

मांडायला तीन तास लागलेला लेआउट तासाभरात उतरतो. घोषणा होऊन शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत गाडी चालू ठेवा, हा शिष्टाचार कडक आहे. मग आधी इंजिनं आणि डबे, त्यानंतर तारा, मग दिवे, शेवटी फळ्या आणि पाय. दारापाशी एका वेळी दोनच व्हॅन लागतात, त्यामुळे सामान पूर्ण बांधल्याशिवाय गाडी आणायला जाऊ नका. नाहीतर मागं रांगेत थंडीत उभे असलेले सत्तरीचे गृहस्थ जे बोलतील ते ऐकावं लागेल. निघण्याआधी जमिनीवरून विजेरी फिरवा. एखादा स्क्रू, सिग्नलचा हात नाहीतर १९ मिलिमीटरचा वारकरी खुर्चीखाली सापडतोच.